रंग कोणाच्या डोळ्यांसाठी?

वाघ केशरी असतो आणि हिरव्या-तपकिरी जंगलात दबा धरून शिकार करतो. ही दोन विधानं शेजारी ठेवली की खटकायला हवं. जंगलात काम करणारी माणसं एकमेकांना लांबून दिसावीत म्हणून मुद्दाम केशरी जाकिटं घालतात, आणि ज्याचं पोट न दिसण्यावर अवलंबून आहे तो प्राणी जन्मभर तोच रंग अंगावर वागवतो. मग उत्क्रांतीनं त्याला हिरवा का केलं नाही?

उत्तर हरणाच्या डोळ्यात सापडतं. डोळ्याच्या पडद्यावर रंग ओळखणाऱ्या ज्या पेशी असतात त्यांना शंकूपेशी म्हणतात. माणसाकडे त्या तीन प्रकारच्या आहेत, हरणांकडे आणि बहुतेक सस्तन प्राण्यांकडे दोनच. लाल आणि हिरव्यातला फरक कळायला तिसरा प्रकार लागतो. तो नसल्यामुळे हरणाला वाघ आणि गवत साधारण एकाच रंगाचे दिसतात. उरलेलं काम काळे पट्टे करतात, ते अंगाची बाह्यरेषा तोडून टाकतात. आपल्या नजरेला भडक दिसणारा वाघ त्याच्या भक्ष्याच्या नजरेला व्यवस्थित लपलेला आहे.

प्राण्यांच्या रंगांबद्दलचे बहुतेक गोंधळ इथेच सुरू होतात. आपण आपल्या डोळ्यांनी बघतो आणि तोच त्या प्राण्याचा रंग धरून चालतो. पण आपल्याला आवडावं किंवा दिसावं म्हणून यातलं काहीही घडलेलं नाही. एखादा रंग टिकला की मिटला, हे ठरवलं त्याच्याकडे बघणाऱ्यांनी: शिकाऱ्यांनी, भक्ष्यांनी, माद्यांनी, माश्यांनी. म्हणून कुठल्याही रंगाबद्दल दोन प्रश्न विचारावे लागतात. हा रंग बनवायला शरीराकडे सामान काय होतं? आणि बघणारा कोण होता?

आधी सामानाचं पाहू, कारण वाघ हिरवा न होण्यामागे तेही एक कारण आहे. सस्तन प्राण्यांच्या केसांचे रंग जवळपास पूर्णपणे मेलॅनिन या एकाच रंगद्रव्यावर चालतात. त्याचे दोन प्रकार, एक काळा-तपकिरी आणि एक तांबूस-पिवळा. सिंह, कोल्हा, गाय, माणसाचं डोकं, सगळं या दोघांच्या कमी-जास्त मिश्रणातून निघतं. यातून हिरवा निघत नाही. स्लॉथ हिरवट दिसतो खरा, पण ते त्याच्या केसांत वाढलेलं शेवाळ असतं. या गरिबीचं एक कारण आपल्या घराण्याच्या इतिहासात आहे. डायनासोरांच्या काळात सस्तन प्राणी बरेचसे रात्री वावरत. अंधारात रंगांचा उपयोग नाही, त्यामुळे पूर्वजांकडे असलेले शंकूपेशींचे काही प्रकार गळून गेले. बघणाराच रंगांधळा असेल तर रंग दाखवणार कोणाला? आपल्या वानरकुळातल्या एका शाखेत सुमारे तीन-चार कोटी वर्षांपूर्वी एका जनुकाची जादा प्रत तयार झाली आणि तिसरा प्रकार परत मिळाला. लाल-निळ्या तोंडाचा मँड्रिल याच शाखेतला आहे, हा निव्वळ योगायोग मला तरी वाटत नाही.

मेलॅनिन फक्त रंगासाठी असतं असंही नाही. त्यामुळे पीस टणक होतं, लवकर झिजत नाही. अंगानं पांढऱ्या असलेल्या अनेक समुद्रपक्ष्यांच्या पंखांची टोकं काळी असतात, कारण उडताना सर्वात जास्त झीज तिथेच होते. तिथे रंग हा मजबुतीबरोबर फुकट आलेला माल आहे, त्यात संदेश शोधायला जाऊ नये.

पिवळ्या-लाल रंगांची कथा वेगळी. ते बहुधा कॅरोटिनॉइड नावाच्या द्रव्यांमधून येतात आणि ही द्रव्यं वनस्पती, शैवाल, बुरशी, जिवाणू बनवतात. प्राण्यांना ती खाऊनच मिळवावी लागतात. रोहित पक्ष्याचं पिल्लू राखाडी असतं. शैवाल आणि ते खाणाऱ्या बारीक कोळंबीसारख्या जिवांवर वाढता वाढता ते गुलाबी होतं. पिंजऱ्यात चुकीचं खाणं मिळालं की गुलाबी उतरतो. एक गमतीशीर अपवाद म्हणजे काही मावा किडे. त्यांच्या पूर्वजांनी कॅरोटिनॉइड बनवायची जनुकं चक्क बुरशीकडून उचलली, असं २०१० साली दिसून आलं.

पण खाण्यातली कॅरोटिनॉइडं बरीचशी पिवळी असतात. त्यांचा लाल रंग करायला शरीरात एक रासायनिक पायरी लागते. पक्ष्यांमध्ये ही पायरी कोणतं जनुक सांभाळतं ते २०१६ मध्ये लाल कॅनरी आणि झेब्रा फिंच यांच्यावरच्या अभ्यासांतून कळलं. लाल कॅनरी ही माणसानं केलेली गोष्ट: पिवळ्या कॅनरीचा लाल सिस्किन पक्ष्याशी संकर करून ते जनुक तिच्यात आणलं गेलं. खरी मजा पुढे आहे. हेच जनुक पक्ष्यांच्या डोळ्यातही काम करतं. पक्ष्यांच्या शंकूपेशींत तेलाचे सूक्ष्म थेंब असतात, त्यातले काही लाल असतात आणि ते गाळणीसारखे वापरून पक्षी लाल छटा जास्त बारकाईनं ओळखतो. ते थेंब लाल करणारं जनुक हेच. म्हणजे बघण्यासाठी तयार झालेलं साधन पुढे काही पक्ष्यांनी पिसांत आणि चोचीत वापरायला काढलं.

पोपटांनी पिसांसाठी यातलं काहीच घेतलं नाही. ते आपली पिवळी-लाल द्रव्यं स्वतःच बनवतात, खाण्यावर अवलंबून राहत नाहीत. आणि पोपटाचा हिरवा? पिसांत हिरवं द्रव्य नसतंच. खाली निळा, वर पिवळा, दोन्ही मिळून हिरवा. पाळीव बजरीगरमध्ये पिवळं द्रव्य बनवणारं जनुक बिघडलं की निळा पक्षी जन्मतो.

आता निळा. प्राण्यांमध्ये खरं निळं रंगद्रव्य फार दुर्मीळ आहे. मँडरिन नावाच्या समुद्री माशाकडे ते आहे, काही फुलपाखरांकडे आहे. बाकी बहुतेक निळा हा पदार्थाच्या रचनेतून येतो. साबणाच्या फुग्यावर रंग दिसतात पण साबणाच्या पाण्यात रंग नसतो. पातळ पापुद्र्याच्या दोन बाजूंवरून परतलेला प्रकाश एकमेकांत मिसळतो, काही तरंगलांबी जोर धरतात, काही विझतात. मोराच्या पिसात हेच घडतं. तिथे मेलॅनिनच्या सूक्ष्म काड्या ठरावीक अंतरावर जाळीसारख्या रचलेल्या असतात, आणि ते अंतर किंचित बदललं की निळ्याचा हिरवा, हिरव्याचा पिवळसर होतो. पिसाची भुकटी केली तर रचना मोडते आणि हातात तपकिरी पूड राहते.

मोरपिसाचा रंग कोन बदलला की बदलतो. नीलपंख पक्ष्याचा निळा मात्र कुठूनही पाहिला तरी जवळपास तसाच. बराच काळ याचं स्पष्टीकरण आकाशाच्या निळाईसारखं दिलं जायचं, म्हणजे बारीक कणांवरून प्रकाश विखुरतो आणि निळा जास्त विखुरतो. सी. व्ही. रामन यांनी १९३४ साली नीलपंखाची पिसं तपासून एवढ्यानं भागत नाही, अशी शंका मांडली. ती बरोबर निघाली. पीस ज्या प्रथिनाचं बनलेलं असतं त्या केराटिनमध्ये हवेच्या पोकळ्यांचं स्पंजासारखं जाळं असतं, वरून अस्ताव्यस्त दिसणारं पण पोकळ्यांमधलं अंतर बरंच सारखं राखणारं. हे मात्र इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आल्यानंतर, शतक संपता संपता पक्कं झालं.

सामानाचं एवढं पुरे. आता बघणाऱ्यांकडे वळू.

इंग्लंडमधल्या ठिपक्यांच्या पतंगाची गोष्ट सगळ्यांनी शाळेत वाचलेली असते, तरी ती थोडी नीट सांगायला हवी. फिकट अंगावर काळे ठिपके असलेला हा पतंग दिवसा झाडाच्या खोडावर, फांद्यांवर बसून राहतो. १८४८ मध्ये मँचेस्टरजवळ पूर्ण काळा पतंग सापडल्याची नोंद आहे. १८९५ पर्यंत त्या भागातले सुमारे ९८ टक्के पतंग काळे झाले होते. कारखान्यांच्या धुरानं खोडांवरचं दगडफूल मेलं, खोडं काजळली, आणि फिकट पतंग पक्ष्यांच्या चटकन नजरेस येऊ लागले. १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा आल्यावर चित्र हळूहळू उलटलं, आणि आज काळा पतंग तिथे क्वचित दिसतो. १९५० च्या दशकात बर्नार्ड केटलवेल यांनी यावर प्रयोग केले, पण त्यांच्या पद्धतीवर पुढे बरीच टीका झाली आणि उत्क्रांतीच्या विरोधकांनी ती उचलून धरली. मग मायकेल मॅजेरस यांनी २००१ पासून सहा वर्षं, जवळपास पाच हजार पतंग सोडून प्रयोग नव्यानं केला. प्रत्यक्ष पक्ष्यांना पतंग टिपताना पाहिलं. निकाल त्यांच्या मृत्यूनंतर, २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि तो पक्ष्यांच्याच बाजूनं होता. २०१६ मध्ये काळ्या रंगामागचा नेमका बदलही सापडला: डीएनएमधला एक उड्या मारणारा तुकडा कॉर्टेक्स नावाच्या जनुकात घुसला होता, आणि हिशोबानं ते साधारण १८१९ च्या सुमारास घडलं होतं.

म्हणजे पहिली नोंद होण्याच्या कितीतरी आधी तो बदल झाला होता. काळोख वाढला म्हणून पतंगानं काळा व्हायचं ठरवलं, असं काही नाही. बदल अपघातानं झाला. काजळलेल्या खोडांवर तो उपयोगी पडला इतकंच. ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या छोट्या उंदरांनी हेच आणखी स्वच्छ दाखवलं. तिथल्या वाळूवर राहणारे उंदीर वाळूच्या रंगाचे असतात, थंड होऊन पसरलेल्या काळ्या लाव्ह्यावरचे काळे. पिनाकाते भागातल्या काळ्या उंदरांमध्ये एमसी१आर या जनुकात बदल आढळला, हे २००३ मध्ये प्रसिद्ध झालं. मग संशोधकांनी शेजारच्या न्यू मेक्सिकोतल्या लाव्ह्यावरचे काळे उंदीर तपासले. दिसायला तेही तसेच, पण त्यांच्यात हा बदल नव्हताच. तिथे काळा रंग दुसऱ्या वाटेनं आला होता. घुबडाला त्याचं काय, त्याला उंदीर दिसला नाही म्हणजे झालं.

जिथे बघणारे दोन आणि दोघांच्या मागण्या उलट, तिथे रंगाची ओढाताण होते. त्रिनिदादच्या ओढ्यांमधल्या गप्पी माशांवर जॉन एंडलर यांनी केलेलं काम याबाबतीत मला सर्वात आवडतं. माद्यांना रंगीत नर आवडतात. शिकारी माशांनाही रंगीत नर आधी दिसतात. ज्या डोहांत मोठे शिकारी होते तिथले नर मळकट होते, धबधब्यांच्या वर, जिथे ते शिकारी पोचले नव्हते, तिथले नर नटलेले. हे पाहून थांबले असते तर तो एक अंदाज राहिला असता. एंडलर यांनी १९७६ मध्ये शिकाऱ्यांच्या डोहातले गप्पी मासे उचलून निर्धोक ओढ्यात सोडले. दोनच वर्षांत, म्हणजे सुमारे पंधरा पिढ्यांत, त्यांचे वंशज रंगीत झाले. कृत्रिम टाक्यांत आणखी एक बारकावा दिसला. शिकारी असले तर नरांवरच्या ठिपक्यांचा आकार तळाच्या खड्यांच्या आकाराशी जुळत जातो, शिकारी नसले तर तो खड्यांपासून फारकत घेतो.

काही प्राणी मात्र लपायचं सोडून मुद्दाम उठून दिसतात. भडक सुरवंटांनी डार्विनला कोड्यात टाकलं होतं. मोराचा रंग लांडोरीसाठी असं म्हणता येतं, पण सुरवंट तर प्रजननच करत नाही. १८६७ मध्ये त्यांनी आल्फ्रेड रसेल वॉलेस यांना हे विचारलं. वॉलेस यांचं उत्तर असं की हे सुरवंट चवीला वाईट असणार आणि रंग ही पक्ष्यांसाठी धोक्याची पाटी असणार. एकदा चव घेतलेला पक्षी पुन्हा त्या रंगाच्या वाटेला जात नाही. त्याच दशकात हेन्री बेट्स यांनी ॲमेझॉनच्या फुलपाखरांमध्ये या पाटीची नक्कल पाहिली होती: चवीला बरं असलेलं फुलपाखरू कडू जातीचे कपडे घालून फिरतं. फ्रिट्झ म्युलर यांनी पुढे दाखवलं की दोन्ही जाती कडू असल्या तरी सारखं दिसण्यात फायदा आहे, कारण पक्ष्यांना शिकवण्याचा खर्च, म्हणजे मरणारी फुलपाखरं, दोघींत वाटला जातो. चावून चोथा झालेल्या उदाहरणांपेक्षा बागेतली फुलमाशी बघावी: अंगावर गांधीलमाशीचे पिवळे-काळे पट्टे, नांगीचा पत्ता नाही.

यात एक अडचण उरते आणि ती बहुतेक पुस्तकांत घाईनं ओलांडली जाते. पहिला भडक प्राणी वाचला कसा? पक्ष्यांना अजून त्या रंगाचा अर्थ शिकायचा आहे, आणि हा एकटाच उठून दिसतो आहे. तो पहिल्या दिवशीच संपायला हवा. एक मार्ग असा दिसतो की पाटी आधी झाकलेली असते. पाठ मळकट, पोट भडक. शिकारी अगदी जवळ आला की बेडूक उलटा होऊन किंवा अंग वळवून रंग दाखवतो. बेडूक-सॅलमँडरांच्या हजाराहून जास्त जातींची वंशावळ मांडून २०२३ मध्ये संशोधकांनी दाखवलं की लपणाऱ्या जातींपासून उघड भडक जाती सहसा थेट निघालेल्या नाहीत. मधे हा झाकलेल्या रंगाचा टप्पा येतो.

जोडीदार निवडण्याबद्दल थोडंच लिहितो, कारण त्यावर फार लिहिलं जातं आणि त्यातलं बरंच जास्त सुबक असतं. मोरपीस पाहिलं की आपल्याला मळमळतं, असं डार्विन यांनी १८६० मध्ये एका पत्रात लिहिलं होतं. पुढे त्यांनी लांडोरीच्या निवडीचा सिद्धांत मांडला. पिसाऱ्यावर जास्त डोळे असलेल्या मोराला जास्त माद्या मिळतात, असं १९९० च्या दशकात मेरियन पेट्री यांच्या कामातून दिसलं. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जपानी अभ्यासात तसं दिसलं नाही. भडक रंग म्हणजे उत्तम तब्येतीचं प्रमाणपत्र हे काही ठिकाणी खरं आहे, सगळीकडे नाही.

त्यापेक्षा व्हिक्टोरिया सरोवर पाहा. तिथे सिक्लिड माशांच्या दोन जवळच्या जाती आहेत, एकीचे नर निळे आणि दुसरीचे लाल. निळे उथळ पाण्यात राहतात, लाल थोडे खोल. गढूळसर पाण्यात निळा प्रकाश वरच्या थरातच शोषला जातो आणि खाली तांबूस प्रकाश जास्त उरतो. ओले सीहाउझेन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की खोल राहणाऱ्या माशांच्या डोळ्यातली प्रथिनंही लाल प्रकाशाकडे सरकलेली आहेत. उथळात निळा उठून दिसतो, खोलात लाल. तिथली मादी त्यालाच निवडते, आणि दोन जाती वेगळ्या राहतात. एकाच रंगाच्या दिव्याखाली ठेवलं तर मादीला दोघांतला फरक कळत नाही आणि निवड कोलमडते. मग शेतीतून आणि सांडपाण्यातून आलेल्या पोषकद्रव्यांनी सरोवर जिथे फार गढूळ झालं, तिथे काय झालं असेल? तेच. लाल आणि निळ्यांची सरमिसळ होऊन मधल्याच मळकट रंगाचे मासे तयार झाले. पाणी गढूळ झालं आणि दोन जातींमधली भिंत विरघळली.

बघणारा नेहमी वाघाएवढा किंवा पक्ष्याएवढा असतो असंही नाही. झेब्र्याच्या पट्ट्यांबद्दल सिंह गोंधळतो, कळप ओळखतो, ऊन कमी लागतं, अशा अनेक कल्पना होत्या. टिम कॅरो आणि सहकाऱ्यांनी घोड्यांना पट्ट्यापट्ट्यांची झूल घालून २०१९ मध्ये पाहिलं. चावणाऱ्या माश्या घोड्यांकडे येत तितक्याच होत्या, पण पट्ट्यांवर त्यांना नीट उतरता येत नव्हतं. झूल नसलेल्या डोक्यावर मात्र त्या नेहमीसारख्या बसत होत्या. जंगलाचा राजा या प्रकरणात बहुधा गैरलागू आहे. उलट टोकाला ऑक्टोपस: त्याच्या डोळ्यात प्रकाश टिपणाऱ्या पेशींचा एकच प्रकार असतो, म्हणजे तो स्वतः जवळपास रंगांधळा, तरी आसपासच्या खडकाशी रंग जुळवतो. ते रंग त्याच्यासाठी नाहीतच, त्याच्याकडे बघणाऱ्या माशांसाठी आहेत.

खोल समुद्रात सूर्याचा लाल प्रकाश पोचत नाही. त्यामुळे तिथले लाल प्राणी काळोखात काळेच असतात, आणि बहुतेकांना लाल दिसतही नाही. मॅलॅकोस्टियस नावाचा मासा या सवलतीचा गैरफायदा घेतो. त्याच्या डोळ्याखाली लाल प्रकाशाचा दिवा आहे, आणि तो प्रकाश दिसण्यासाठी तो डोळ्यात हरितद्रव्यापासून आलेलं एक द्रव्य वापरतो. भक्ष्यावर दिवा रोखलेला असतो आणि भक्ष्याला पत्ता नसतो.

आपल्या डोळ्यांची मर्यादा आपल्याला किती फसवते, याचा हिशोबही झाला आहे. पक्ष्यांकडे शंकूपेशींचे चार प्रकार असतात आणि अनेकांना अतिनील प्रकाश दिसतो. नर-मादी सारखेच दिसतात असं आपण ठरवलेल्या १३९ जातींची पिसं २००५ मध्ये म्यूर ईटन यांनी उपकरणानं मोजली आणि पक्ष्याच्या नजरेचं गणित लावलं. नव्वद टक्क्यांहून जास्त जातींत नर-मादी वेगळे निघाले. युरोपातल्या ब्लू टिट पक्ष्याच्या डोक्यावरचा निळा ठिपका नरात अतिनील प्रकाशात जास्त चमकतो, हे १९९८ मध्येच कळलं होतं.

बघणारे कधीच मेले असतील तर? २०१० मध्ये सायनोसॉरोप्टेरिक्स या लहान डायनासोरच्या शेपटीवर तांबूस आणि पांढरट पट्टे होते असं सांगता आलं. जीवाश्मात मेलॅनिनच्या सूक्ष्म पिशव्या टिकून राहतात, आणि त्यांचा आकार त्यांच्यातलं मेलॅनिन कोणतं ते सांगतो: लांबट असतील तर काळं, गोलसर असतील तर तांबूस. मायक्रोरॅप्टर हा चार पंखांचा डायनासोर कावळ्यासारखा काळा-चमकदार होता, हेही याच पद्धतीनं कळलं. त्यामुळे हल्लीच्या चित्रांतले डायनासोर काळे, तपकिरी, तांबूस असतात. कॅरोटिनॉइडं एवढा काळ सहसा टिकत नाहीत, म्हणून पिवळा आणि लाल त्या चित्रांत येत नाहीत. पण पक्ष्यांच्या डोळ्यातले ते लाल तेलथेंब कासवांच्या डोळ्यातही असतात, आणि तिथेही तेच जनुक काम करतं. कासवं आणि पक्षी यांचा समान पूर्वज डायनासोरांहूनही जुना आहे. तेव्हा लाल बनवायचं साधन डायनासोरांच्या डोळ्यात जवळजवळ नक्की होतं. त्यांच्यापैकी कोणी ते कातडीवर किंवा पिसांवर आणलं का, ते मेलॅनिनच्या पिशव्या मोजून कळणार नाही.